एकोणीस सेकंद जास्त

१९८६ साली मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. वायरिंगच्या टेबलावरच्या जयवंतने घरी पाच वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. पत्र्याचा डबा, बटणं जुन्या रेडिओची. मालकांच्या दुबईहून आणलेल्या भारी अ‍ॅम्प्लिफायरपुढे तो टिकला, तर कारखाना तो बनवणार आणि त्या कामावर जयवंत प्रमुख होणार, असं ठरलं होतं. निवाडा माझ्याकडे होता.

रविवारी दुपारी मालकांचं ते धूड मांडीवर घेऊन रिक्षाने मी असल्फ्याला त्याच्या चाळीतल्या खोलीवर पोचले.

"मीरा, ओळखीचे मार्क देऊ नकोस हां," जयवंत म्हणाला. "पडला तर पडला, यार."

"नाहीच देणार. तू वायरी बदल आणि गप्प बस."

गॅलरीतला गलका नको म्हणून त्याने दाराला कडी घातली. कॅसेट प्लेयर एक, स्पीकर तेच. मीटर लावून दोन्हींचा आवाज मी सारखा केला. कोणता चालू आहे ते दिसू नये म्हणून पाठ करून चटईवर बसले. शेजारी जयवंतची आई, जानकीकाकी. कॅसेट त्यांच्याच यजमानांची, धोंडूकाकांची होती. त्यांनी याच खोलीत म्हटलेलं भजन. ते आदल्या वर्षी वारले होते. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा भजन चार मिनिटं बारा सेकंद चाललं. दुसऱ्यांदा चार एकतीस.

"मोटर ओढतेय तुझी," मी म्हणाले.

पण मोटर मंदावली असती तर आवाज जाड झाला असता. तो तस्साच होता. प्लेयरवरचा टेप मोजणारा आकडाही दोन्ही वेळा शहाण्णवलाच थांबला होता. टेप तेवढीच फिरली होती आणि एकोणीस सेकंद जास्त वाजली होती.

मी वळून पाहिलं. दुसरा होता तो पत्र्याचा डबा.

मला भीती वाटली नाही, गंमत वाटली. वायरी बदलल्या, स्पीकरची अदलाबदल केली, घड्याळही जयवंतचं घेतलं. मोठ्यावर पुन्हा चार बारा. छोट्यावर आता चार सेहेचाळीस. वाढलेला वेळ एकाच जागी होता, दुसऱ्या कडव्यानंतर. तिथे टाळ थांबायचे आणि नुसता श्वास ऐकू यायचा. म्हातारा, घशात किंचित घरघरणारा. तो मोठ्यावर नव्हताच.

"बाबा असे थांबायचे?" मी विचारलं.

"कधीच नाही," जयवंत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "बंद करूया ना?"

"एकदाच."

मी छोटा पुन्हा लावला. दुसरं कडवं संपलं. टाळ थांबले. डोक्यावरून विमान उतरत गेलं, त्याची घरघर विरली, तरी श्वास चालूच.

"कोणाची तरी वाट बघतत ते," जानकीकाकी हळूच म्हणाल्या. मग स्पीकरकडे तोंड करून, पदर सावरून, "अवो, कोणाची वाट बघतास?"

श्वास थांबला.

मी घड्याळाकडे पाहायचं विसरले.

"बसा सगळी," स्पीकरमधून आवाज आला. गाण्याचा नव्हे, बोलण्याचा. "तो दारात उभो आसा, तेका पण बसाक सांगा."

लगेच टाळ वाजले आणि तिसरं कडवं सुरू झालं.

खोलीत आम्ही तिघंच होतो. दाराची कडी आतून लावलेली होती. दारापाशी चपला होत्या आणि पाण्याचं पिंप.

पुढे अहवालात मी लिहिलं की, घरच्या खोलीत छोटा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्याला कुठेही कमी पडत नाही. ते खरंच होतं. जयवंतला जागा मिळाली. त्याने तसे शेकडो बनवले. बाकीचं मी लिहिलं नाही.

त्या दुपारी मात्र भजन संपेपर्यंत कोणी उठलं नाही. जानकीकाकी काही न विचारता माझ्याकडे सरकल्या आणि दाराच्या बाजूला चटईवर एका माणसापुरती जागा केली. त्यांच्या पदराचं टोक त्या रिकाम्या जागेवर राहिलं होतं. भजन संपल्यावर त्यांनी ते ओढलं.

आलं नाही. काकी थांबल्या, मग दोन्ही हातांनी हळूहळू सोडवून घेतलं.