अकरा आरोपी हजर

हर्णे बंदरातून वर चढणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीला उजव्या हाताला नमन मंडळाचं खेळघर होतं. जांभ्याच्या भिंती, नळ्यांचं छप्पर, सारवलेली जमीन, भिंतीवर संकासुराचा मुखवटा आणि खुंटीला मृदंग. माशांचा लिलाव आटोपला की माणसं हातपाय धुऊन तिथे जमत आणि शिमग्याच्या खेळांची तालीम करत. एवढंच. पण १९३२ साली सरकारला त्यात धर्मवेड दिसलं.

मी तेव्हा दापोलीच्या कचेरीत कारकून होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि सरकारवर होता. भुतांचं मी आजही काही छातीठोक सांगणार नाही, पण सरकारवरचा विश्वास उडाला तो उडालाच.

या मंडळाची एक रीत होती. नमनाच्या सुरुवातीला देवांची नावं घेऊन झाली की मंडळातल्या मेलेल्या खेळ्यांची, म्हणजे खेळ करणाऱ्यांची, नावं एकेक करून पुकारायची आणि प्रत्येक नावाला मृदंगावर एक थाप द्यायची. कुणा दीडशहाण्या खबऱ्याने ती अकरा नावं टिपली आणि वर कळवलं की इथे दार लावून गुप्त टोळीची हजेरी घेतात. झालं! जिल्ह्याहून हुकूम सुटला: कडव्या धर्मवेड्यांचा अड्डा, ताबडतोब बंद करा. दाराच्या कुलपावर लाखेची मोहर मी स्वतः उठवली. त्याची लाज मला अजून वाटते.

मृदंग वाजवणाऱ्या आत्मारामला धरून आणलं. वय बहात्तर. आरोप काय, तर अकरा साथीदार दडवून ठेवल्याचा. तारखेला ते हजर झाले नाहीत तर त्याला दोन वर्षं सक्तमजुरी. त्या वयात दोन वर्षं म्हणजे माणूस तुरुंगातून जिवंत परत येणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी धीर करून मॅजिस्ट्रेट साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब गोरा, कायद्याला फार पक्का.

"साहेब, ही अकराही माणसं मेलेली आहेत."

"मृत्यूचे दाखले?"

"पहिल्याला जाऊन शंभर वर्षं होत आली. तेव्हा दाखले कोण देत होतं?"

"मग कायद्याने ती जिवंत आहेत. समन्स काढा."

आणि मी काढली. मेलेल्या माणसांच्या नावाने, वळणदार अक्षरात, अकरा समन्स!

आमच्या महिपत पट्टेवाल्याने ती खेळघराच्या दारावर चिकटवली, कारण आरोपींचा तोच शेवटचा पत्ता. तीन दिवसांनी मोहर तपासायला मी त्याच्याबरोबर गेलो. मोहर शाबूत होती. दारावर मात्र एकही कागद नव्हता. खिडकीच्या फटीतून मी आत पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर अकरा कागद ओळीने मांडले होते, पंगतीला पत्रावळी मांडतात तसे.

"दाराखालनं वाऱ्यानं ग्येलं आसतील, भाऊसाहेब," महिपत म्हणाला.

"असतील," मी म्हणालो. आणि वहीत 'मोहर शाबूत' एवढंच लिहिलं.

तारखेचा दिवस सोमवार होता. सकाळचे अकरा, बाहेर लख्ख ऊन. आत्माराम कठड्यात मान खाली घालून उभा. शेजारी आरोपींचा लांब बाक, रिकामा. महिपतने ओसरीवर जाऊन पुकारा केला.

"सखाराम विठू, हाजिर है?"

कोणी नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या पुकाऱ्याला आत्मारामचा हात आपसूक उचलला गेला आणि कठड्यावर एक थाप पडली. जन्माची सवय.

बाक करकरला.

"रघू धाकू, हाजिर है?"

थाप. बाक पुन्हा करकरला.

मी बाकाकडेच पाहत होतो. त्यावर कोणी नव्हतं.

अकरा नावं. अकरा थापा.

शेवटच्या नावाला बाकाची मधली फळी खाली वाकलेली होती.

"साहेब, काय लिहू?" मी विचारलं.

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. ते म्हणाले, "हजर लिहा."

आत्माराम सुटला. पण तो कचेरीच्या पायरीवरून हलेना.

"भाऊसाहेब, मी सुटलो. माज्या खेळ्यांचं काय? तेंना जा म्हणून कुणी सांगितलं न्हाय. आनि जातील तरी कुटं? घराला तर तुमी कुलूप घातलंव."

मी तीन अर्ज केले: आरोपींना सोडावं, खेळघर उघडावं. तिन्हींवर एकच शेरा आला: असे कोणी आरोपी नाहीत. म्हाताऱ्याला तुरुंगात घालायचं तेव्हा ते जिवंत होते, आणि सोडायची वेळ आली तेव्हा ते नव्हतेच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब बदली करून घेऊन निघून गेले. कुलूप तसंच राहिलं.

दिवाळीनंतर नवे साहेब आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्याच सकाळी त्यांनी मला बोलावून बाकाकडे बोट दाखवलं.

"या लोकांना कधीपासून बसवून ठेवलंय? आणि त्यांच्यातला तो म्हातारा उभाच आहे. बाकावर जागा नसेल तर त्याला खुर्ची द्या."

मी खुर्ची नेऊन ठेवली. आत्माराम पहाटे गेल्याचा निरोप हर्णे बंदरातून दुपारी आला.