अडुसष्टवरची ऊब

दारात जॅकेट, मफलर, टोपी आणि त्यांच्या आत कुठेतरी दोन डोळे उभे होते.

"हीटिंग चालू आहे ना? मी वरच्या खोलीतला देवदत्त. गोठतोय यार..."

अमेरिकेत ॲन आर्बरमधल्या त्या जुन्या घराला बॉयलर एकच, तळघरात, खोल्याखोल्यांतले रेडिएटर तापवणारा; आणि त्याला चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट खाली, इलाच्या हॉलमध्ये. तिने आकडा चांगला पंचाहत्तर फॅरनहाइटवर नेला, माणूस गारठलाय म्हणून चहाही टाकला. तरी दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा हजर. मग रोजच. गाऱ्हाणं दोन मिनिटांचं, गप्पा मात्र तासभर.

एकदा कप हातात धरून तो भिंतीकडे बघत राहिला आणि खो खो हसत सुटला. थर्मोस्टॅटच्या बरोब्बर खाली इलाचे देव होते, आणि पुढे तेवणारी समई.

"अगं, समईच्या उबेने थर्मोस्टॅटला वाटतं अख्खं घर तापलंय! बॉयलर बंद करतो तो. देव हलव, आणि अडुसष्टवर सेट करून विसरून जा. आकडा वाढवून घर लवकर तापत नाही, नुसतं गॅसचं बिल वाढतं."

देव स्वयंपाकघरात गेले. घर छान उबदार झालं... आणि देवदत्त यायचा थांबला.

इलाला करमेना. थंडीच्या निमित्ताने येणारा माणूस थंडी गेल्यावर कशाला येईल? तो आपल्याला आवडतो, हे तिला रिकाम्या खुर्चीसमोर चहा पिताना कळलं. चार दिवस तिने मनाला समजावलं. पाचव्या संध्याकाळी तेवती समई उचलून गुपचूप थर्मोस्टॅटखाली जुन्या जागी ठेवली आणि जिन्याकडे कान लावून बसली.

पावलं वाजली. तो आला... जॅकेटशिवाय. नजर थेट समईवर.

"ही इथे कशी?"

"मीच ठेवली," इला म्हणाली. कान तापले होते, पण खोटं बोलवेना. "तू येतच नव्हतास."

तो खुर्चीत बसला. "मी रोज खिडकी उघडून बसायचो, इला. म्हटलं, खोली गार झाली की जाता येईल खाली. पण तो रेडिएटर काही ऐकेना! आज आपोआप गार पडला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

"वेडा आहेस. नुसतं यायचं ना!"

"येऊ? रोज?"

तिने मान डोलावली आणि समई जपून आत नेली. थोड्या वेळाने तळघरात बॉयलर घुरघुरला. वरची रिकामी खोली उगाचच तापत राहिली.