एक विडा राहिला होता

माझा फोन उकळत्या तेलात पडला नाही, पिठात पडला, एवढंच काय ते नशीब.

पारियामानच्या किनाऱ्यावर आमची टपरी. आमाक, म्हणजे माझी आई, माशाचे गोळे वळते, मी तळते. त्या दिवशी एका हातात झारा, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला... आणि समोरून कुणीतरी विचारलं, "कमी तिखटाचे आहेत का?"

तिखटावर जगणाऱ्या पारियामानमध्ये असला प्रश्न! मी दचकून वर पाहिलं आणि फोन सुळकन हळदीच्या पिठात. वर दोन बुडबुडे आले आणि तेही फुटले.

मी किंचाळले. त्या गिऱ्हाइकाने बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला, फोन बाहेर काढला आणि रुमालाने पुसत म्हणाला, "बंदच ठेवायचा. उद्या आणून देतो."

पिवळाधमक हात घेऊन तो गेलासुद्धा.

"गेला तुझा फोन," आमाक म्हणाली. "चोर होता."

"चोर कोपरापर्यंत हात घालत नाही गं."

दुसऱ्या दिवशी तो आला. फोन चालू! नाव साफ्रिझाल, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन, सुट्टीवर आलेला. मग रोजच येऊ लागला. रोज दहा गोळे. खाताना कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि वर "छान झालेत." मी त्याला आजो रिझाल म्हणू लागले. आमच्याकडे थोरल्या भावाला आजो म्हणतात आणि नवऱ्यालाही आजोच. फार सोयीची भाषा आहे आमची; मुलीला काही ठरवायची घाई करावी लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो गोळ्याकडे बघत म्हणाला, "सोमवारी निघतो."

"किती दिवस?"

"अकरा महिने."

झारा हातातच राहिला. कढईतले गोळे काळे पडले, तेव्हा कुठे मला तोंड फुटलं. "जहाजावर फोन... लागतो?"

"नेहमीचं काही चालत नाही. एकच ॲप चालतं. पिपित. चिमणीचं चित्र असतं बघा. तुम्ही ते घेतलंत तर—"

"तर?"

"तर... बरं होईल."

बस्. त्यापुढे तो जाणार नव्हता, मला माहीत होतं. आमच्याकडे मुलगा मागणी घालत नाही. मुलीकडचे मामाला पुढे घालून जातात आणि मुलगा मागतात. म्हणजे बोलायचं ते मी. आणि माझी जीभ मासेवाल्याशी तलवार, इथे मात्र नुसता कापूस!

"आमाक माझा फोन रोज बघते," मी पुटपुटले. "एकटी चिमणी दिसली की विचारेल, ही कुणाची?"

तो पहिल्यांदा हसला. "मग गावातल्या सगळ्या छपरांवर चिमण्या बसवा. तुमच्या छपरावरची कोण मोजतंय?"

त्याच दुपारी मी कुळाच्या गटात पिपितची लिंक टाकली. साठ माणसं त्या गटात. एकाने विचारलं, "व्हायरस आहे का?" तिघांनी हात जोडले. इनार मावशीने ड्युरियन फळाचा फोटो टाकला, का ते तिलाच ठाऊक. आमाक म्हणाली, "मला आहे ते पुरे." आणि पाडांगहून मामाने लिहिलं, "लिंक पाठवून आपलं कूळ कधी जागचं हललंय का? दारात जा. पानाचा विडा पुढे कर. मग माणूस नाही म्हणत नाही."

माझा मामा शहाणा माणूस. मी त्याचं ऐकलं.

आमाक मासे आणायला बंदरावर गेली की मी खुंटीवरची विणलेली पानाची पिशवी उचलायची. ॲप घालून द्यायला सोबत रिझाल. दारात मी विडा पुढे करायची, घरातली बाई तो तोंडात टाकायची आणि फोन त्याच्या हातात द्यायची. मी म्हणायची, "रविवारी पाचला सगळे एकदम भेटू हं!" तो मान खाली घालून चिमणी बसवायचा. मी त्याची बोटं बघत राहायची... बारीक, भाजल्याच्या खुणा असलेली, बायकांच्या फुटक्या फोनवरूनही हळुवार फिरणारी.

लोक फारच गोड वागत होते. इनार मावशीने रिझालचा गाल ओढला आणि म्हणाली, "दात चांगले आहेत हो." एका म्हातारीने त्याला पाठमोरा उभा करून उंची पाहिली. मला वाटलं, वा! तंत्रज्ञानाबद्दल किती ही आपुलकी!

चार दिवसांत अठ्ठावन्न चिमण्या बसल्या. मामाची फोनवर सांगून मीच बसवली. राहिली फक्त आमाक. तिला शेवटी घालू म्हटलं. ती "का?" विचारेल, आणि मग मला रिझालचं नाव घ्यावं लागेल.

शनिवारी आमाक जुन्या गटाकडे बघत म्हणाली, "कुणी गेलं की काय? सगळे गप्प का?"

रविवारी पाचला मी फोन घेऊन अंगणात बसले. पाच वाजले. फोन वाजला नाही. फाटक वाजलं.

इनार मावशी! डोक्यावर तांदळाची परात, अंगावर जरीचं वस्त्र. तिच्यामागे आणखी एक परात. तिच्यामागे आणखी सहा. रस्त्याच्या वळणापर्यंत पराती!

आमाक पिठाच्या हातांनी बाहेर आली. "अगं, कुणाचं लग्न?"

"थट्टा पुरे," मावशी म्हणाली. "तुझ्या लेकीचं! स्वतः नवऱ्या मुलाला घेऊन विडे वाटत फिरली. आम्ही म्हटलं, काळ बदलला!"

शेजारी पडलेल्या पानाच्या पिशवीकडे मी पाहिलं. विड्याची पिशवी घेऊन आमच्याकडे दारोदार कशासाठी फिरतात? एकाच कामासाठी, लग्नाचं आमंत्रण द्यायला. मी इथलीच, इथेच वाढलेली, शंभर लग्नांचे विडे खाल्लेली... आणि चार दिवस त्याची बोटं बघत बसले!

"मावशी, ते ॲपसाठी होतं!"

"ती चिमणी होय? आम्हाला वाटलं, लग्नाच्या फोटोंसाठी."

तेवढ्यात मामा आला. काळी टोपी, लाल चेहरा. "भाचीचं लग्न, आणि मामाला बातमी खाटकाकडून? म्हैस कापू का म्हणून विचारत होता!"

आणि मामाच्या मागे धापा टाकत रिझाल. त्याच्या घरीही पराती पोचल्या होत्या. सगळं अंगण त्याच्याकडे वळलं. लाज अशी की वाटलं, परातीतल्या तांदळात तोंड खुपसावं. आता मी "गैरसमज झाला" म्हटलं की साठ माणसं परत जाणार, उद्या तो जहाजावर जाणार, आणि या बोभाट्यानंतर माझ्या फोनवर चिमणी कधीच बसणार नाही. आणि गैरसमज झाला नाही म्हणावं, तर...

आमाकने आधी त्याच्याकडे पाहिलं. "हिने तुला मागितलं?"

"नाही."

"मागावं असं वाटतं?"

तो लाल झाला. "मला तिखट सोसत नाही, आमाक. पोटाचा त्रास आहे. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय." मग अगदी हळू, "तीन आठवडे रोज दहा खातोय."

मावशीने हसू दाबायला पदर तोंडात घातला.

आमाक माझ्याकडे वळली. मला वाटलं, थप्पड. पण तिचा आवाज बारीक झाला होता. "सगळ्या कुळाची दारं फिरलीस. माझ्या दारात नाही आलीस."

त्या एका वाक्याने मी जितकी हादरले, तितकी त्या परातींनीही हादरले नव्हते.

पिशवीत हात घातला. तळाशी एक पान होतं, कडेने थोडं सुकलेलं. त्यावर सुपारी ठेवली, चुना लावला, घडी घातली. आमाकपुढे गुडघ्यांवर बसले आणि विडा दोन्ही हातांनी पुढे केला.

"आमाक... मला हा मुलगा हवाय. मामाला सांग ना, त्याच्या घरी जाऊन मागायला."

मामा खाकरला. टोपी सरळ केली.

आमाकने माझ्याकडे पाहिलं, विड्याकडे पाहिलं. मग विडा उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

कमरेला खोचलेला फोन काढून, पिठाचे ठसे पडलेला तसाच, तिने रिझालच्या हातात दिला.

"बसव बाबा ती चिमणी," भरल्या तोंडाने ती म्हणाली. "अकरा महिने जेवलास की नाही, ते मला कळायला नको?"