बायनाची गोधडी

त्या वर्षी जुलैची सगळी सुट्टी ओरेथाने कोर्टाच्या तळघरात काढली. शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका समुद्रावर गेल्या, आणि ही डब्यात तांबडा भात घेऊन, कानामागे पेन्सिल खोचून, मेलेल्या माणसांचे कागद वाचायला जायची. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, आणि तरी दिवसातून दोनदा, "माझा चष्मा कुणी बघितला का?"

"कोर्टात एवढी जातेस, तर एखादा नवरा तरी बघून ये," तिची आई म्हणायची.

"तिथले सगळे शंभर वर्षांपूर्वी गेलेत गं."

"मग चांगलंच. घोरणार तरी नाहीत."

आई, लुएला, ऐंशी पार केलेली आणि अंथरुणाला खिळलेली. जीभ तेवढी धडधाकट. कागद वाचायचं हे कामही तिनेच मुलीच्या मागे लावलं होतं, आणि त्याला तसंच कारण होतं.

साउथ कॅरोलिनातल्या त्या खाडीकाठी दुपारी वारा पडायचा. चिखलाचा खारट, कुजका वास घरभर दाटायचा. लुएला माश्यांपायी तोंडावर गोधडी ओढून पडायची, आणि डोळा लागला की कुणीतरी यायचं. गोधडी अलगद उचलायचं, तिचा चेहरा निरखायचं, आणि तितक्याच अलगद गोधडी पुन्हा टाकायचं. पाऊल वाजत नसे. फक्त ओल्या भातपेंढ्याचा वास मागे राहायचा.

ती गोधडी लुएलाच्या आजीने, बायनाने शिवलेली. बायनाकडेही ते यायचं, तिच्या लेकीकडेही यायचं. कुणाच्या घरी दमा असतो, तसं यांच्या घरी हे. भ्यायचं कुणी नाही.

पण आता लुएला भ्यायला लागली होती.

"ती आपल्यातलीच कुणी बाई आहे, कुणाला तरी शोधतेय, ओरेथा. माझी तर निघायची वेळ झाली. चुकून मलाच घेऊन गेली तर... मला माझ्या ऑगस्टसकडे, तुझ्या बापाकडे, जायचंय गं. इतकी वर्षं वाट बघत बसलाय तो. तिचं नाव शोध. नावाने हाक मारून सांगितलं की माणूस ऐकतं."

म्हणून हे तळघर. ज्यांच्या भाताच्या मळ्यावर त्यांचे पूर्वज गुलाम होते, त्या मॅकव्हेन घराण्याचे खोक्यांत भरलेले कागद. लग्नं, मृत्यू, वाटण्या, सगळं एकाच वळणदार अक्षरात.

एका गुरुवारी ओरेथाला ती सापडली. अठराशे अठ्ठावन्न, मार्च. 'सिल्व्ही, तापाने गेली.' आणि त्याच पानावर, जरा वर, धाकट्या बाईसाहेबांना लग्नात काय काय दिलं त्यात, चांदीची किटली आणि करडी घोडी यांच्या मधोमध: 'सिल्व्हीची बायना, वय दोन.'

ओरेथाने डबा उघडला नाही. टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक करत ती बराच वेळ बसून राहिली.

घरी येऊन तिने ते लुएलाला वाचून दाखवलं.

"म्हणजे आई मेली तेव्हा पोर तिथे नव्हतंच," लुएला म्हणाली. "बायनाला तिच्यावरून दिलंच नाही कुणी."

त्यांच्यात रीत होती. घरात कुणी गेलं की सगळ्यात लहान मूल शवपेटीवरून या हातातून त्या हातात द्यायचं, आणि मुलाचं नाव घ्यायचं. ओरेथालाही चार वर्षांची असताना आजोबांवरून दिलं होतं. खालच्या लिलीच्या फुलांचा वास आणि घेणाऱ्या काकांचे गार हात तिला अजून आठवत होते.

"बायनाकडे पण ती यायची ना," ओरेथा म्हणाली. "मग तिला ओळखलं कसं नाही?"

"दोन वर्षांची शोधतेय ती. बायना तर मोठी झाली होती."

लुएलाने गोधडीचा काठ चाचपला.

"आता तरी देऊ," लुएला म्हणाली. "बायना नाही, पण तिची गोधडी आहे. राहिलेलं पुरं झालं की सुटेल बिचारी. मीही सुटेन."

रविवारी चर्च सुटल्यावर ओरेथा मावसभावाला, थडियसला, घेऊन निघाली. मळा केव्हाच गेला होता. पाइनच्या रानात जुन्या कबरी खचून खळगे झाले होते, काठाकाठाने पांढरे शिंपले. नावाचा दगड एकही नाही.

"यातली सिल्व्हीची कुठली?" थडियसने विचारलं.

"सगळ्यांवरून देऊ."

"माझ्या कमरेला विचारलंस का?"

खळग्याच्या या बाजूला ओरेथा, त्या बाजूला तो. ती गोधडी पुढे करायची, "बायना," म्हणायची, तो घ्यायचा. थडियस मध्येच म्हणाला, की कुणी बघितलं तर दोघांना वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, तुला तर आधीच टाकायला हवं होतं. ओरेथा हसली.

एका वाकड्या झाडाखालच्या खळग्याशी मात्र गोधडी जड झाली. झोपलेलं मूल जड होतं, तशी.

"सोड ना," थडियस म्हणाला.

"मी कधीच सोडलीय..."

दोघांनी खाली बघितलं. गोधडी मध्ये झोळीसारखी खाली ओढली गेली होती. ओल्या पेंढ्याचा वास आला. कुणी छातीशी धरलेलं जिवावर येऊन सोडावं तशी ती हळूहळू सुटली, आणि थडियस गोधडीसकट मागे जाऊन बसला. घरी पोचेपर्यंत त्याने एकही विनोद केला नाही.

त्या दुपारी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओरेथा खुशीत चहा घेऊन गेली, तर लुएला रडत होती.

"आली नाही गं ती."

"हेच तर हवं होतं आपल्याला."

"अगं, पोराला वरून का देतात?" लुएलाचा आवाज अगदी खाली गेला. "मेलेल्याने पोराचा नाद सोडावा म्हणून. पुन्हा त्याच्यासाठी येऊ नये म्हणून. आपण तिला लेक दिली नाही, ओरेथा. होती तीही तोडली."

ओरेथाच्या हातातला चहा तसाच गार झाला. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? चार वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. कागद वाचून शहाणी झालेली बाई, आणि एवढं सुचलं नाही.

लुएला त्याच आठवड्यात गेली. शांतपणे, "आले रे, ऑगस्टस," म्हणत. तिला हवं होतं ते मिळालं.

सगळं आटोपल्यावर एका दुपारी ओरेथा आईच्या पलंगावर, तोंडावर तीच गोधडी घेऊन पडली. खरं म्हणजे वाटच बघत होती. वारा पडला होता. गोधडी हलली.

वरून नाही. कडेने, खालून. जमिनीपासून हातभर उंचीवर कुणीतरी ओढलं, थांबलं, पुन्हा ओढलं.

"कोण...?"

पलंगाखाली कुणी नव्हतं. गोधडीचा लोंबणारा कोपरा तेवढा ओला होता, दोन वर्षांच्या पोराने चोखावा तसा चुरगळलेला, कोमट.

हल्ली ओरेथा दुपारी पडते तेव्हा तो कोपरा मुद्दाम खाली सोडून ठेवते. उठते तेव्हा तो ओला असतो.