विशाखाची रजा

माणसं सूर्यमालेत विखुरली आणि फोनवरच्या गप्पा बंद पडल्या. मंगळावरच्या मेहुण्याला 'काय चाललंय?' विचारलं, की 'काही नाही' हे उत्तर यायला कधी सहा मिनिटं लागत, कधी चाळीस. तेवढ्यात चहा निवायचा. म्हणून लोकांनी अडगळीत टाकलेली एक जुनी सोय झाडून-पुसून पुन्हा वापरात आणली. ती म्हणजे ईमेलचा चर्चागट.

त्याचं काम अगदी साधं असतं. गटाचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एक पत्र टाकलं, की ते सगळ्या सभासदांना जातं, आणि कुणी उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना दिसतं. जुनी पत्रं साठवलेली असतात, त्यामुळे एकाने विचारलेला प्रश्न दहा वर्षांनी दुसऱ्याच्या कामी येतो. काही जण जन्मात एक ओळ लिहीत नाहीत, नुसतं वाचतात, आणि तरी शहाणे होतात. सगळ्यांनी एकाच वेळी जागं असण्याची गरज नसते.

'कढीलिंब' हा असाच एक गट होता. बंद खोल्यांत, दिव्याच्या उजेडात कढीलिंब वाढवणाऱ्यांचा. ज्यांनी हे झाड कुंडीत लावून पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की ते पहिली दोन वर्षं नवऱ्या मुलीसारखं रुसून बसतं. गटाची चालक होती सावंतवाडीची मंदाकिनी साळगावकर, वय वर्षं तीस. ती शिस्तीची होती. तिचे नियम तीन. ज्याने प्रश्न विचारला, त्याने पुढे काय झालं ते कळवायचंच; त्याला गटात 'निकालपत्र' म्हणत. नाव काढा म्हणून कुणी सांगितलं, तर त्याच दिवशी काढायचं. आणि सभासद प्रवासाला निघाला, की चालकाने त्याचं नाव महिनाभर 'रजे'वर टाकायचं, म्हणजे त्याच्याकडे पत्रांचा ढीग साचत नाही. महिना सरला की पत्रं आपोआप पुन्हा सुरू होत.

मंदाची धाकटी बहीण विशाखा 'अगस्ती' यानातून निघाली, तेव्हा मंदाने तिचंही नाव रजेवर टाकलं. यान वीस प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाकडे चाललं होतं आणि विशाखाकडे यानातल्या भाजीच्या खोलीचं काम होतं. आईने तिला परसातलं एक रोप दिलं होतं. निरोपाच्या वेळी तिघी फार बोलल्याच नाहीत. मंदाला वाटलं, आता गट आहे, रोज बोलूच.

विशाखाचं पहिलं पत्र आलं ते दोन वर्षांनी.

'आज महिना झाला,' तिने लिहिलं होतं. 'सगळ्यांना घरून थोडंथोडं काहीतरी येतंय. मला कुणाचंच नाही. ताई, गट बंद पडला का? रोपाची पानं पिवळी पडताहेत. काय करू?'

तीन तासांत गटावर अकरा उत्तरं आली. आंबट ताक पातळ करून घाला, मुळाशी पाणी साचू देऊ नका, कुंडी बदला. मंदाला मात्र एकच शब्द दिसत होता, 'महिना'. गटात डॉ. फरीद मुकादम नावाचे रत्नागिरीचे भौतिकशास्त्रज्ञ होते. ते तेव्हा ऐन तिशीत होते आणि त्यांची स्वतःची रोपं नेमाने मरत. ती त्यांच्याकडे गेली.

"दोन वर्षं झाली हो डॉक्टर. ही महिना कसला म्हणते?"

"तिचा महिनाच झालाय मंदाताई. यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातंय. अशा वेगात घड्याळ हळू चालतं. तिचा एक महिना म्हणजे आपलं एक वर्ष. त्या वर्षात यान एक प्रकाशवर्ष लांब गेलं, आणि तिथून पत्र यायला आणखी एक वर्ष लागलं. झाली दोन."

"मग आमची पत्रं तिला कधी मिळणार?"

मुकादमांनी जरा विचार केला. "समजा, ती एसटीत बसून निघाली आहे आणि तुम्ही पत्र देऊन मोटारसायकलवाला मागे सोडलात. मोटारसायकल एसटीपेक्षा नखभरच जोरात. गाडी सुटल्यावर लगेच सोडलीत तर वाटेत गाठेल. उशीर केलात तर गाडी मुक्कामाला लागेपर्यंत गाठणार नाही. प्रकाश म्हणजे ती मोटारसायकल. मी याला पाठलागाचा अवधी म्हणतो. हिशोब केला तर तो पंचवीस दिवसांचा येतो. यान सुटल्यापासून पंचवीस दिवसांत जे लिहिलं, तेवढंच तिला प्रवासभर पुरणार. त्यानंतरचं सगळं ती उतरल्यावर, वीस वर्षं जुनं होऊन, रोजचं रोज मिळत राहील."

मंदा खाली बसली. त्या पंचवीस दिवसांत ती रोज लिहीत होती. आईच्या गुडघ्यांबद्दल, फुटलेल्या कुंडीबद्दल, विशाखाशिवाय घर खायला उठतं त्याबद्दल. सगळं गटाच्या पत्त्यावर, म्हणजे विशाखालाही मिळावं म्हणून. ते दोनशे जणांनी वाचलं. फक्त विशाखाला गेलं नाही, कारण ती रजेवर होती. आणि उत्तर येईना म्हणून महिना भरायच्या आतच मंदाने हिरमुसून घरचं लिहिणं सोडलं होतं.

"मीच केलं हे," ती म्हणाली. "तिला न विचारता केलं."

त्याच दिवशी तिने माफीचं पत्र लिहिलं. घडलं ते सगळं सांगितलं, ताकाचा उपाय लिहिला, आणि शेवटी लिहिलं, 'आई रोज विचारते, विशाखाचं रोप कसं आहे?' ते पत्र विशाखाला मिळणार होतं ती ग्रहावर उतरल्यानंतर दोन वर्षांनी. तोवर तिची समजूत काढणारं कुणी नव्हतं.

मग दर दोन वर्षांनी एक पत्र येत राहिलं. एकूण वीस पत्रं, चाळीस वर्षांत. मंदाची मंदाताई झाली. केस पिकले, आई गेली, गटाचे दोनशेचे सोळा उरले. विशाखाची पत्रं मात्र अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या मुलीचीच होती. आधी रागावलेली, मग विनवणारी, मग नुसती कामापुरती. मंदाताई प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर लिहीत. त्यांना तिची इतकी आठवण येई, की कधीकधी नुसता 'प्रेषक' वाचून त्या अर्धा तास बसून राहत.

अखेर यान पोचल्याचं पत्र आलं, आणि तिथून पुढे पत्रं दर महिन्याला येऊ लागली. यान थांबलं होतं, त्यामुळे तिचा महिना आता आपल्या महिन्याएवढा झाला होता.

'उतरल्यावर पाचव्या दिवशी गटाची पत्रं सुरू झाली,' विशाखाने लिहिलं. 'गट चालू होता तर! तुम्ही ताकावर भांडताय, खतावर भांडताय. माझं नाव कुणी काढत नाही.'

हे खरं होतं. मंदाताईंना वाईट वाटू नये म्हणून त्या पहिल्या दोन वर्षांत गटातल्या कुणीच विशाखाचं नाव काढलं नव्हतं. जिव्हाळ्याची माणसं कधीकधी अशीच घात करतात.

दीड वर्षाने एका ओळीचं पत्र आलं. 'माझं नाव गटातून काढा.'

मुकादम आता सत्तरीचे होते. मंदाताईंनी त्यांना बोलावून घेतलं. "आणखी सहा महिने थांबली असती तर माझं माफीचं पत्र पोचलं असतं हो!"

"ते पोचणारच आहे," मुकादम म्हणाले. "तुम्ही आज नाव काढलंत तरी आजवर निघालेली पत्रं वाटेत आहेत, ती कोण अडवणार? ती मागे लागतच राहतील. तिने एकतिसाव्या वर्षी नाव काढायला सांगितलं, पत्रं थांबतील ती एकाहत्तर वर्षांची झाल्यावर. सहा महिने गप्प बसा. तिचं मन बदलेल."

"आणि नियम?"

"सोळा माणसांच्या गटात कसला नियम?"

"एकदा तिला न विचारता तिच्या नावाला हात लावला," मंदाताई म्हणाल्या. "आता ती सांगते आहे, तर ऐकते." आणि त्यांनी नाव काढलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सहा महिन्यांनी विशाखाचं पत्र आलं.

'ताई, तुझं पत्र आज मिळालं. तीनदा वाचलं. वेडी आहेस का गं तू? इतकं रडतात का? मला परत गटात घे. आणि हे माझं निकालपत्र. रोप जगलं! तीन फूट झालंय, काल त्याची फोडणी केली. आईला आजच्या आज सांग. आणि लगेच उत्तर लिही, मी वाट बघतेय.'

मंदाताई आधी हसल्या आणि मग त्यांना रडू आवरेना. मुकादमांनी पत्र वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. आईला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती.

"हे पत्र मला नाहीच डॉक्टर," मंदाताई म्हणाल्या. "हे बत्तीस वर्षांच्या मंदाला आहे. तिच्याशी विशाखाचा समेट झाला. मी मध्येच वाचलं, इतकंच."

"मग उत्तर कुणी द्यायचं?"

मंदाताईंनी विशाखाचं नाव गटात परत घातलं. मधल्या सहा महिन्यांचं रितेपण कधीतरी तिच्याकडे पोचणार होतं, त्याला आता इलाज नव्हता. मग त्यांनी बोटांवर हिशोब केला. आज त्या बहात्तर वर्षांच्या. हे पत्र वीस वर्षांनी पोचेल, तेव्हा विशाखाही बहात्तरची असेल. आईचं तिला केव्हाच कळलेलं असेल. त्या तरण्या, घाईच्या मुलीला आता कधीच काही सांगता येणार नव्हतं. तिची वाट बघणं तसंच राहणार होतं.

त्यांनी लिहायला घेतलं.

'प्रिय विशाखा, आता आपण दोघी एका वयाच्या झालो. तुझे गुडघे दुखतात का गं? माझे फार दुखतात.'