निळ्या उजेडातली झोळी

धुळ्याजवळच्या सूतगिरणीच्या वसाहतीतलं आणखी एक पोर हगवणीनं दवाखान्यात गेलं, तेव्हा लोकांनी पंप सांभाळणाऱ्या हिलालला त्याच्याच पंपघरात कोंडलं.

वसाहतीचं सांडपाणी तिथे निवळून, गाळून अतिनील दिव्याजवळून जाई. जंतू मेले की ते भाजीच्या वाफ्यांना सोडत. पोरांनी वाफ्यातले मुळे कच्चेच खाल्ले होते. आणि आरोग्य खात्याच्या कुंदाबाईंनी तपासलं, तर दिव्याजवळून गेलेल्या पाण्यातही जंतू जिवंत. हिलाल दिवा बंद करून झोपतो, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. पोलिसांची जीप निघाली होती.

हिलालची थोरली पोर त्याच दवाखान्यात सलाइनवर होती. सकाळपासून बापाला हाका मारत होती.

कुंदाबाई कडी काढून पंपघरात शिरल्या. आपल्या तान्ह्याला सासूपाशी ठेवून आल्या होत्या. पदराखाली ब्लाउज दुधानं ओला झाला होता. बिनखिडकीच्या खोलीत हिलालच्या बायकोनं, भिकुबाईनं, धाकट्याची झोळी टांगली होती. दिव्याच्या यंत्राचं लोखंडी झाकण एका कडेला वाकलेलं, त्या फटीतून निळा उजेड थेट झोळीत पडत होता. झाकणावर कुंकू वाळलं होतं, खाचेत नारळाची शेंडी अडकली होती.

"दिवा कधी बंद होतो का?"

"नही ताई," भिकुबाई म्हणाली. "दसरापाशीन याच उजेडमा निजस तो. दिवा गया का लगेच रडस."

कुंदाबाईंनी पोराच्या पापण्या हळूच उघडून पाहिल्या. डोळे स्वच्छ, लालीचा मागमूसही नाही.

"हिलालभाऊ, तुम्ही कधी हा दिवा उघडा पाहिला होता?"

"एकदाव. नवा व्हता तव्हय. रातभर डोयामा मिरची पडेल सारखं झायं."

"खंडेनवमीला यंत्राची पूजा कोणी केली?"

हिलाल त्या दिवशी गावी, कुलदैवताला गेला होता. पूजा फोरमन भाईदास आप्पांनी केली होती. आप्पा दारातच उभे होते. पोलिसांना बोलावणारेही तेच.

"आप्पा, नळी बदलल्याला किती दिवस झाले?"

"कसली नळी? दिवा तर चालू आहे."

"तेच तर. दिवा चालूच होता, हिलालनं तो कधी विझवलाच नाही. पण ज्या उजेडानं मोठ्या माणसाचे डोळे रात्रभर जळाले, त्यात हे तान्हं महिनाभर झोपलं आणि त्याला काही झालं नाही. म्हणजे निळा रंग बाहेर येतोय, जंतू मारणारे किरण येत नाहीत. दिव्याभोवतीची नळी क्वार्ट्झची असते, तिच्यातून ते किरण जातात. साधी काच त्यांना अडवते. पूजेचा नारळ तुम्ही या झाकणावर फोडलात. झाकण वाकलं, खालची नळी तडकली."

आप्पा भिंतीला टेकून खाली बसले.

पूजेतच काच फुटली, केवढा अपशकुन, असं त्यांना वाटलं होतं. कुणाला कळू नये म्हणून जळगावहून तेवढ्याच मापाची साध्या काचेची नळी आणून बसवली. उजेड तसाच निळा दिसला, म्हणून जीव भांड्यात पडला. पहिलं पोर आजारी पडल्यावर मनात पाल चुकचुकली होती, असं ते खाली मान घालून म्हणाले. पण तोवर लोक हिलालचं नाव घेऊ लागले होते.

"तुम्ही ते घेऊ दिलंत," कुंदाबाई म्हणाल्या.

"मन्ही पोरले खावाले मुळाबी तुम्हीच दिन्हा व्हता, आप्पा," हिलाल म्हणाला. आवाज चढला नाही. त्यानं सायकल घेतली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागला. जीप समोरून येत होती. तो थांबला नाही.

कुंदाबाईंनी वाफ्याकडचा नळ आवळून बंद केला, मग दिव्याचं बटण दाबलं.

अंधार झाला, आणि झोळीतलं पोर रडू लागलं. भिकुबाई दाराकडेच बघत राहिली, रस्त्याकडे. तिला ऐकूच आलं नाही. मग कुंदाबाईंनीच पोराला उचलून छातीशी धरलं.