ते कपाट मीच केलं

"काका... मला आत घ्याल ना?"

दारात धाकट्या भावाची मुलगी उभी होती, आणि तिच्या कवेत एक जुनी खुर्ची! बारा वर्षांत त्या घरातलं कुणी दादांच्या या एका खोलीची पायरी चढलं नव्हतं.

"दुकानासाठी पहिल्यांदाच एकटी खरेदी करतेय. विकणारा म्हणतो, शंभर वर्षांची आहे. बाबा म्हणतात, डोळे झाकून घे. पण मन मानेना... वाटलं, तुम्हालाच विचारावं."

दादांनी खुर्ची उलटी केली, बैठकीखालून अंगठा फिरवला, आणि ज्या विद्येला त्यांनी स्वतःच मूठमाती दिली होती, ती क्षणात बोटांत जागी झाली! "पाय जुने, पाठ नवी. माणसं बसून लाकूड झिजतं ते पुढच्या कडेला. इथे सगळीकडे सारखंच घासलंय. आणि स्क्रू तर कालपरवाचे, काळे करून बसवलेत. असली चूक शिकाऊ माणूस करतो."

ती टक लावून पाहत राहिली.

"मग त्या कपाटात असेच स्क्रू कसे निघाले, काका?"

दादांचा हात थबकला.

बारा वर्षांपूर्वी जुन्या फर्निचरचं ते दुकान दोघा भावांचं होतं. दादा दुरुस्ती करायचे, धाकटा खरेदी-विक्री. एकदा धाकट्याने चोरून एक नवंकोरं कपाट जुनं भासवलं आणि एका वृद्ध डॉक्टरांच्या गळ्यात मारलं. बिंग फुटलं, डॉक्टर काळे केलेले नवे स्क्रू नाचवत पोलिसांना घेऊन आले, धाकटा पांढराफटक पडला... आणि नेमकी त्याच वेळी दहा वर्षांची ही पोर दप्तर घेऊन शाळेतून आली. तिचा तो भेदरलेला चेहरा पाहून दादा पुढे झाले. "ते कपाट मीच केलं. भावाला काही ठाऊक नाही."

सहा महिन्यांचा तुरुंग भोगून आलेल्या दादांना पुन्हा कुणी रंधा धरू दिला नाही. ते गोदामात खोक्यांना खिळे ठोकत राहिले.

"तुम्ही केलंच नव्हतं ते!" मुलगी हुंदका देऊन म्हणाली. दादांनी मान खाली घातली... आणि खुर्ची तिथेच टाकून ती धावत सुटली.

संध्याकाळी धाकटा आला, आणि दारातच त्याने दादांचे पाय धरले.

"दादा, जोड्याने मार मला! पोरीने तोंडावर विचारलं रे... मला मान वर करता आली नाही. उद्याच डॉक्टरांकडे जातो, बाजारात सगळ्यांना खरं सांगतो. तू दुकानात परत चल!"

"डॉक्टरांकडे जा. पण पोरीसाठी जा, माझ्यासाठी नको."

"तू म्हणशील त्याला सांगतो, दादा!"

"तुझ्या वहिनीला सांगशील?" दादांनी विचारलं. "नऊ वर्षं एका छपराखाली राहिली, पण लबाडाची बायको म्हणून! तिला खरं सांगितलं असतं, तर तिने तुझी अब्रू चव्हाट्यावर आणली असती, म्हणून ओठ शिवून बसलो. जाताना तोंड भिंतीकडे करून गेली रे ती! शेवटचं पाणीसुद्धा शेजारणीच्या हातून प्यायली... तिला कुठे गाठणार आहेस तू?"

धाकटा ढसाढसा रडू लागला. दादांचा हात सवयीने त्याच्या डोक्याकडे गेला, मध्येच अडखळला, आणि बऱ्याच वेळाने टेकला. त्यांचे डोळे मात्र कोरडेच होते.

"ऊठ," ते म्हणाले, "घरी जा. पोर एकटी रडत बसली असेल."